औषधाच्या पुडीवरचा कोंबडा

मावशीला चित्रं काढता येत नव्हती, हे आधीच सांगून टाकते. तिने काढलेली गाय आणि तिने काढलेलं टेबल यांत फरक असलाच तर शेपटीचा. तरीही ती गेली तेव्हा भेटायला आलेल्यांपैकी निम्मी माणसं तिला ओळखत होती ती तिच्या चित्रांमुळे. काठी टेकत आलेले एक आजोबा मला म्हणाले, "तुमच्या मावशीच्या कोंबड्याने अकरा वर्षं मला वेळेवर गोळी दिली." शेजारच्यांना वाटलं, म्हातारा दुःखाने बरळतोय. मला मात्र नेमकं कळलं, कारण तो कोंबडा जन्माला आला तेव्हा मी त्याच घरात राहत होते.

कॉलेजची तीन वर्षं मी मावशी आणि काकांकडे काढली. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे अरुंद गॅलरी आणि तिच्यात काकांची आरामखुर्ची. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे लाड आणि बोलणी दोन्ही माझ्या वाट्याला भरपूर. मावशी दवाखान्यात कंपाउंडर होती. औषधांच्या खिडकीमागे बसून चिठ्ठीप्रमाणे औषधं काढून द्यायची. काका छापखान्यात जुळारी होते, म्हणजे शिशाचा एकेक खिळा उचलून अक्षरांच्या ओळी जुळवायचं त्यांचं काम. त्या शाईने त्यांची बोटं काळी झाली ती झालीच, साबणाने हात टेकले. अक्षरांवर जीव इतका की दुकानाच्या पाटीवर वेलांटी चुकलेली दिसली तर आत जाऊन मालकाला सांगून येत. मावशी म्हणायची, "यांच्याबरोबर बाजारात जायचं म्हणजे भाजीपेक्षा भांडणंच जास्त घरी येतात."

मी राहायला गेले त्याच वर्षी दोरवाल्या आजोबांचं प्रकरण झालं. दोर वळून पोट भरणारा म्हातारा, पायांना सूज, हृदय थकलेलं. त्याला दोन पुड्या मिळाल्या. दोन्हींत पांढऱ्याच गोळ्या. हृदयाची रोज अर्धीच घ्यायची, सुजेच्या रोज सकाळी दोन. मावशीने पुड्यांवर स्वच्छ अक्षरात लिहिलं, तोंडाने सांगितलं आणि विचारलं, "समजलं ना?" म्हाताऱ्याने मान डोलावली. मागे रांग होती, पुढचा माणूस आला.

नवव्या दिवशी मुलाने त्याला पाठुंगळीला घेऊन आणलं. उलट्या थांबेनात, नाडी मंद, आणि म्हणतोय की भिंती पिवळ्या दिसतात, डॉक्टरांचा कोटही पिवळा दिसतो. डॉक्टरांनी पुड्या मागवल्या आणि सगळा उलगडा झाला. अदलाबदल झाली होती. हृदयाची गोळी तो रोज चौपट घेत होता.

म्हातारा वाचला. सहा दिवस वॉर्डात होता, आणि मावशी रोज काम संपलं की त्याच्या खाटेपाशी जाऊन बसायची. एकदा मी तिला डबा द्यायला गेले होते, तेव्हा त्यांचं बोलणं चाललं होतं.

"आजोबा, मी पुडीवर लिहिलं होतं हो," मावशी म्हणाली.

"लिहिलं होतं म्हणूनच तर मी निर्धास्त होतो. तो कागद अजून जपून ठेवलाय." त्याने उशीखालून घडी घातलेली पुडी काढून दाखवली.

"वाचता येत नाही म्हणून सांगायचं ना मला."

"मागे एवढी माणसं उभी होती, बाई. त्यांच्यासमोर कसं सांगू?"

त्या संध्याकाळी मावशी जेवली नाही. भांडी घासता घासता एकच वाक्य दोनतीनदा बोलली, "मी विचारलं, समजलं ना. तो दुसरं काय म्हणणार होता?"

दुसऱ्या दिवसापासून तिने चित्रं काढायला घेतली. औषधांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून कार्डं केली. सकाळसाठी अर्धा सूर्य, दुपारसाठी पूर्ण सूर्य, रात्रीसाठी चंद्रकोर, आणि त्यांच्यापुढे गोळ्यांचे गोल. अर्धी गोळी म्हणजे अर्धा गोल. तिला वाटलं, झालं, सुटला प्रश्न.

पंधरा दिवसांनी कपडे धुण्याची कामं करणारी एक बाई आली. तिचा रक्तदाब कमी व्हायचं नाव घेत नव्हता. पुडीत निम्म्या गोळ्या तशाच शिल्लक.

"अहो, रात्रीची गोळी का चुकवली?"

"चुकवली नाही बाई. चंद्र दिसला की घेत होते. आधी चार दिवस ढगांत होता, मग उगवलाच नाही. मी तरी काय करणार?"

मावशीला हसावं की कपाळावर हात मारावा ते कळेना. पुढे असे प्रकार एकामागून एक येत गेले. अर्ध्या सूर्याकडे बघून एकाने विचारलं, हा उगवतोय की बुडतोय. फुप्फुसांचं चित्र काढलं तर खोकल्याचा रोगी घाबरून म्हणाला, "या माणसाचं डोकं कुठे गेलं? तो गेला का?" एका मुलाच्या खरजेचं लावायचं औषध कुणी पिऊ नये म्हणून तिने बाटलीवर मोठी फुली मारली होती. घरचे लोक फुली म्हणजे दोरी समजून ती बाटली आडव्यातिडव्या दोरीने घट्ट बांधून ठेवत आणि पाजताना सोडत. मुलाला काही झालं नाही, नशीब. पण मावशी हबकली. "मला वाटलं होतं, अक्षर शिकावं लागतं, चित्र आपोआप कळतं," ती म्हणाली. "चित्रंसुद्धा वाचावीच लागतात की गं."

तिची अडचण सोडवली ती फौजदारबाईंनी. फौजदारबाई म्हणजे दवाखान्याची झाडलोट करणाऱ्या बाई. हे नाव त्यांना पेशंटांनीच दिलं होतं, कारण हातात झाडू घेऊन त्या रांग अशी सरळ करीत की खुद्द डॉक्टरसुद्धा आपसूक रांगेत उभे राहत. वयाने मावशीपेक्षा चारपाच वर्षांनी मोठ्या. शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं आणि ते सांगायची लाजही नव्हती. एके दुपारी खिडकी बंद झाल्यावर त्या आत झाडायला आल्या, तेव्हा मावशी कार्डं पसरून बसली होती.

"हा काय पसारा?" त्यांनी विचारलं.

"फौजदारबाई, जरा बघा. यात तुम्हाला काय दिसतं?"

त्यांनी झाडू भिंतीला टेकवला, एकेक कार्ड लांब धरून पाहिलं आणि स्पष्टच सांगितलं, "बाई, सकाळ म्हणजे कोंबडा. सूर्याचं काय, तो दिवसभर असतोच. दुपार म्हणजे जेवायचं ताट. आणि रात्र म्हणजे अंथरूण. चंद्राच्या भरवशावर औषध ठेवू नका. येतो, येत नाही, त्याची नोकरी पक्की नाही."

"आणि औषध पिऊ नका हे कसं दाखवू?"

"माणूस तोंडावर हात ठेवून मान फिरवतोय असं काढा. माझा नातू करतो तसं. आणि माणसाला डोकं द्या हो, बिनडोक्याची माणसं आपल्याकडे आधीच पुष्कळ आहेत."

तेव्हापासून कुठलंही चित्र फौजदारबाईंनी पास केल्याशिवाय खिडकीबाहेर जाईना. मावशी त्यांना काही समजावून सांगत नसे. चित्र पुढे ठेवायची आणि गप्प बसायची. त्या जे सांगतील ते चुकलं, तर चूक चित्राची. पेशंटांच्या बाबतीतही तिने "समजलं ना?" हा प्रश्न कायमचा सोडला. त्याऐवजी ती विचारी, "घरी गेल्यावर घरच्यांना काय सांगाल?" माणूस सांगू लागला की कुठे गाडी घसरली ते लगेच दिसे. यात वेळ जायचा. रांग कुरकुरायची. मग फौजदारबाई झाडू आपटायच्या.

काकांना मात्र हे पटत नव्हतं. "अक्षरं असताना ही चित्रं कशाला?" ते म्हणायचे. "बाराखडी मनावर घेतली तर चार महिन्यांत येते. ज्याला येत नाही त्याने शिकावी. तू त्यांना आळशी करतेस."

"चार महिने सूज थांबेल का?" मावशी विचारायची. काका पेपर उघडून त्याच्याआड जायचे.

पण रोज शंभरसव्वाशे पुड्यांवर हाताने कोंबडे काढून मावशीचं मनगट सुजलं, तेव्हा काकांनीच एका रविवारी खोडरबराचे ठोकळे, कोरणी आणि भिंगाची काच मांडली. शिक्के कोरायला बसले. उलटं बघायची सवय जन्माचीच, कारण खिळ्यावर अक्षर उलटंच असतं. तोंडाने बडबड चालू, "हा कोंबडा आहे की किटली? चोच कुठे? तुऱ्याला टोकं किती?" मावशीचं चित्र त्यांनी मुकाट्याने सुधारलं. संध्याकाळपर्यंत कोंबडा, ताट, अंथरूण, पूर्ण गोळी, अर्धी गोळी आणि तोंड फिरवणारा नातू असे सहा शिक्के तयार झाले. पहिला कोंबडा त्यांनी माझ्या वहीच्या पुठ्ठ्यावर उमटवून पाहिला. तुरा जरा जाड झाला होता, पण कोंबडा ऐटीत उभा होता.

एकदा वरच्या कचेरीतून एक अधिकारी तपासणीला आले. पुडीवर शिक्का पाहून म्हणाले, "हे औषध माणसांसाठी आहे की कोंबड्यांसाठी?" फौजदारबाईंनी रांगेतल्या पहिल्या बाईच्या हातात ती पुडी दिली आणि म्हणाल्या, "साहेबांना सांगा बरं यात काय आहे." त्या बाईने सांगितलं, "सकाळी एक, आणि रात्री झोपताना अर्धी." अधिकारी शेरेबुकात लिहून गेले की खिडकीवर बालिश चित्रे वापरात आढळली. ते शेरेबुक नंतर कुणी उघडलंच नाही. मावशी म्हणायची, "न वाचण्याचे फायदेही असतात."

मी शेवटच्या वर्षाला होते. एका सकाळी काका नेहमीसारखे गॅलरीत पेपर घेऊन बसले आणि थोड्या वेळाने त्यांनी हाक मारली.

"अगं, आज हा कुठल्या भाषेतला पेपर टाकलाय?"

मी जाऊन पाहिलं. पेपर आपलाच होता, नेहमीचा. मला वाटलं, थट्टा करतायत. पण त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, पुन्हा पेपर पाहिला, आणि त्यांचा चेहरा उतरला. मावशी स्वयंपाकघरातून आली, एकदा त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "चपला घाला. आत्ता निघायचं."

डोक्यातली एक बारीक रक्तवाहिनी बंद पडली होती. हातपाय धड, बोलणं धड, उजव्या बाजूचं थोडं कमी दिसत होतं इतकंच. मोठ्या डॉक्टरांनी त्यांना कागद दिला आणि मनात येईल ते लिहायला सांगितलं. काकांनी वळणदार अक्षरात लिहिलं, "आज सकाळपासून चहा मिळालेला नाही." ऱ्हस्वदीर्घाची एक चूक नाही. डॉक्टर इकडचं तिकडचं बोलले आणि पाच मिनिटांनी तोच कागद पुढे धरून म्हणाले, "हे वाचा."

काका बराच वेळ बघत राहिले. "वाचता येत नाही," ते म्हणाले. "पण अक्षर छान आहे. कुणाचं आहे?"

मावशी तिथून उठून व्हरांड्यात गेली. तिच्या मागे जायचा मला धीर झाला नाही.

घरी आल्यावर काका रोज पेपर घेऊन गॅलरीत बसतच. रस्त्याने जाणारा ओळखीचा माणूस दिसला की पान उलटत. ज्यांनी आयुष्यभर गावाच्या वेलांट्या दुरुस्त केल्या, त्यांना ही गोष्ट गावाला कळायला नको होती. औषधं तीन प्रकारची होती. मावशी ती वेळच्या वेळी तळहातावर ठेवायची आणि काका चिडायचे, "मी काय कुकुलं बाळ आहे?" चार शब्दांवरून घरात दिवसदिवस अबोला राही. मी परीक्षेचं निमित्त करून मैत्रिणीकडे अभ्यासाला जायची.

असा महिना गेला. एका रविवारी चहा झाल्यावर काका स्वतःच म्हणाले, "खिडकीवर करतेस तसं कर. मी रांगेत उभा आहे असं समज."

मावशीने ओला हात पुसला, फळीवरून शिक्के काढले, तीन पुड्यांवर उमटवले आणि त्यांच्यासमोर स्टुलावर बसली.

"यात तुम्हाला काय दिसतं?"

"कोंबडा. मीच कोरलाय. तुरा जाड झालाय."

"घरी गेल्यावर घरच्यांना काय सांगाल?"

"घरची समोरच बसलीय. आणि तिला सगळं आधीच ठाऊक असतं."

"तरी सांगा."

काकांनी सांगितलं. सकाळी ही एक, जेवल्यावर ही एक, झोपताना ही अर्धी. सगळं बरोबर होतं. मग ते म्हणाले, "त्या दोरवाल्याने मान का डोलावली, ते मी तुला आज सांगू शकतो."

मावशीने पुड्या एकावर एक रचल्या आणि त्यांच्या खुर्चीशेजारच्या कोनाड्यात ठेवल्या, त्यांच्या हाताशी. त्यानंतर तिने त्यांच्या तळहातावर कधी गोळी ठेवली नाही.

पुढे जे झालं ते कुणाच्याच ध्यानीमनी नव्हतं. काका छापखान्यात आपलं सामान आणायला गेले. मीही बरोबर होते. खिळ्यांच्या कप्प्यांसमोर ते उभे राहिले, सवयीने हात घातला, एक खिळा उचलला आणि अंगठा त्याच्या टोकावरून फिरवला. "हा 'ळ'," ते म्हणाले.

मालक म्हणाले, "कप्प्यावरून ओळखलंत."

"मग मिसळून द्या."

मालकांनी निरनिराळ्या कप्प्यांतले बारा खिळे त्यांच्या ओंजळीत टाकले. काकांनी डोळे मिटले आणि अंगठ्याने चाचपून अकरा बरोबर सांगितले. बारावा इतका झिजला होता की तो मालकांनाही ओळखता येईना. डोळ्यांनी विसरलेलं बोटांनी सांभाळून ठेवलं होतं. घरी येताना काका इतके भरभर चालले की मला पळावं लागलं. दारातूनच त्यांनी मावशीला हाक मारली, आणि मग पेपरच्या मथळ्यावर बोट गिरवत, थांबत थांबत, एक अख्खी ओळ वाचून दाखवली. कुठल्याशा पुलाच्या दुरुस्तीची बातमी होती. मावशीने ती पुन्हा वाचायला लावली.

त्यानंतर ते तसंच वाचत. एका बातमीला अर्धा तास लागे. "बातम्या काही पळून जात नाहीत," म्हणत. छापखान्यात अर्धा दिवस जात, उरलेला अर्धा दिवस शिक्के कोरत. त्यांना आता चित्रांतल्या अशा खोडी दिसत, ज्या मावशीला दिसल्या नव्हत्या. त्यांना आला तसा मेंदूचा झटका ओळखायच्या खुणांचं कार्ड त्यांनीच करवून घेतलं. वाकडं झालेलं तोंड, खाली पडणारा हात, आणि एक माणूस पेपर उलटसुलट करून बघतोय. ही शेवटची खूण डॉक्टरांनी सांगितलेली नव्हती. ती काकांची स्वतःची.

एकदाच त्यांनी हट्ट धरला की प्रत्येक चित्राखाली एक शब्द हवा, 'सकाळ', 'रात्र', म्हणजे लोक हळूहळू वाचायलाही शिकतील. फौजदारबाईंनी तो नमुना हातात घेतला आणि परत केला. "नको हो. अक्षर दिसलं की माणूस आधीच मान खाली घालतो. मग कोंबड्याकडे बघतच नाही." काका हसले आणि तो ठोकळा त्यांनी बाजूला ठेवला. इतक्या वर्षांत अक्षरावरून कुणी त्यांना नाही म्हटलेलं आणि त्यांनी ते ऐकलेलं मी तेवढंच पाहिलं.

काका त्यानंतर सहा वर्षं जगले. गेले ते दुपारच्या झोपेत. माझं लग्न होऊन मी दूर गेले होते, पोचायला दोन दिवस लागले. मावशी शांत होती. म्हणाली, "सकाळची गोळी घेतली होती त्यांनी. मी पुडी पाहिली."

मावशी निवृत्त झाली तेव्हा मी मुद्दाम रजा काढून गेले. तिच्या जागी नव्याने आलेली कंपाउंडर मुलगी हुशार होती. शिक्के तिने आनंदाने ठेवून घेतले. निरोपाची भाषणं झाली, चहा झाला, आणि आठवड्याने मावशी आपल्या गुडघ्यांचं औषध आणायला दवाखान्यात गेली. मी सोबत होते. ती रांगेत उभी राहिली. फौजदारबाईंची नोकरी संपून दोन वर्षं झाली होती, तरी त्या रोज दुपारी चक्कर टाकत. त्या म्हणाल्या, "तुम्ही पुढे जा हो, तुम्हाला कोण अडवतंय." मावशी गेली नाही.

तिचा नंबर आला. बोलायला तोंड खिडकीपाशी न्यावं म्हणून ती वाकली आणि तशीच थबकली. खिडकी आत बसणाऱ्याच्या मापाने पाडलेली होती. बाहेरच्या माणसाला कमरेत वाकल्याशिवाय आतलं ऐकू येत नव्हतं आणि मागच्याला ऐकू गेल्याशिवाय आत सांगता येत नव्हतं. औषध घेऊन ती बाकावर येऊन बसली.

"एकतीस वर्षं लोक माझ्याशी वाकून बोलत होते," ती म्हणाली. "मला वाटायचं, मान देतायत."

दुसऱ्याच दिवशी ती मोठ्या डॉक्टरांकडे गेली आणि त्यांनी होकार देईपर्यंत समोरच्या खुर्चीवरून उठली नाही. पुढच्या आठवड्यात गवंडी आणि सुतार आले. खिडकी हातभर वर गेली, आत उंच स्टूल आलं आणि बाहेर आडोशाला दोन्ही बाजूंनी फळ्या लागल्या, म्हणजे आतलं बोलणं रांगेत जायला नको. फौजदारबाई दोन दिवस तिथे उभ्या राहून सुताराला सूचना देत होत्या. मावशी बाकावर बसून बघत होती. तिसऱ्या दिवशी खिडकी उघडली आणि पहिला माणूस सवयीने वाकला. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो सरळ उभा राहिला.